जुन्या व्हिडिओ गेमची पारख: नव्या संग्राहकासाठी खरेदीची वाट

जुने व्हिडिओ गेम जमवू पाहणाऱ्या माणसाला सुरुवातीला वाटते की ज्याचा खिसा मोठा त्याचा संग्रह मोठा. जुनी यंत्रे उघडून, पुसून, दुरुस्त करून पुन्हा चालू करण्यात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. या छंदात एखादी चांगली वस्तू स्वस्तात हाती लागते, तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच असते: विकणाऱ्याला जो बिघाड कायमचा वाटतो तो प्रत्यक्षात किरकोळ असतो आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असते. माणूस फसतो तोही याच ठिकाणी, कारण किरकोळ दिसणारा एखादा दोष मुळावर घाव घालणारा निघतो. म्हणून या लेखात भावांच्या याद्यांपेक्षा कार्ट्रिज (गेम साठवलेली, यंत्रात खोचायची प्लास्टिकची डबी), डिस्क आणि यंत्र यांच्या आत काय असते, याविषयी अधिक लिहिले आहे.

हे जुने तुकडे जपण्याला तसे सबळ कारणही आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे नव्याने विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडो या जपानी कंपनीने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवरील डिजिटल विक्री बंद केली. त्यामुळे अनेक गेमच्या बाबतीत कोणाच्या तरी माळ्यावर पडलेली मूळ प्रत हाच ते खेळण्याचा सरळ मार्ग उरला आहे.

यंत्र आधी, गेम नंतर

पहिली पायरी म्हणजे एकच यंत्र निवडणे. नवा संग्राहक जे जुने दिसेल ते उचलत जातो आणि काही महिन्यांतच त्याच्या कपाटात पाच यंत्रांचे तीन-तीन गेम गोळा होतात, पण एकाही यंत्राच्या सगळ्या वायरी जागेवर नसतात. त्यापेक्षा ज्या यंत्रावरचे किमान दहा गेम आपल्याला मनापासून खेळावेसे वाटतात असे एक यंत्र ठरवावे, त्या दहा गेमची यादी करावी आणि खरेदीला जाताना ती खिशात ठेवावी. यादी असली की ढिगाऱ्यासमोर उभे असताना मन भरकटत नाही.

नवख्याने भरपूर विकली गेलेली यंत्रे निवडावीत, असे मी आग्रहाने सांगेन. १९८९ मध्ये आलेला, हातात धरून खेळायचा गेम बॉय आणि त्यानंतरचा गेम बॉय कलर मिळून ११ कोटींहून अधिक विकले गेले. १९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनने १० कोटींचा आणि २००० च्या प्लेस्टेशन २ ने १५ कोटींचा टप्पा ओलांडला. इतक्या संख्येने बनलेल्या यंत्रांचे सुटे भाग मिळतात, दुरुस्तीची माहिती सहज सापडते आणि एखादी खरेदी चुकली तरी दुसरी संधी लवकर येते. याउलट सेगा सॅटर्नसारखे यंत्र कितीही सुरेख असले, तरी त्याचे काही उत्तम गेम त्याच्या उतरत्या काळात मोजक्याच संख्येने छापले गेले. १९९८ मधला ‘पँझर ड्रॅगून सागा’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अशा यंत्राकडे अनुभव गाठीशी आल्यावर वळावे.

यंत्र ठरवतानाच ते कोणत्या प्रदेशासाठी बनले आहे हे पाहावे लागते, आणि नवख्यांचे पैसे वाया जाण्याचे हे नेहमीचे ठिकाण आहे. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉमच्या कार्ट्रिजला ६० पिना असतात, तर अमेरिकेत १९८५ पासून विकल्या गेलेल्या त्याच्याच भावंडाला, म्हणजे एनईएसला, ७२ पिनांचे कार्ट्रिज लागते. मधे जोडणी न घालता एकाचे कार्ट्रिज दुसऱ्यात बसत नाही. सुपर फॅमिकॉमच्या, म्हणजे जपानी सुपर निन्टेंडोच्या, कार्ट्रिजचा आकारही अमेरिकी सुपर निन्टेंडोच्या कार्ट्रिजपेक्षा वेगळा आहे. प्लेस्टेशनच्या पहिल्या दोन पिढ्या परक्या प्रदेशाची डिस्क नाकारतात. युरोपसाठी बनलेले अनेक गेम ५० हर्ट्झच्या दूरदर्शन संचासाठी आहेत आणि त्यांचा वेग नीट जुळवून घेतलेला नसेल, तर ते ६० हर्ट्झच्या मूळ आवृत्तीपेक्षा सुमारे १७ टक्के हळू चालतात. धावत्या गेममध्ये हा फरक पहिल्या मिनिटातच जाणवतो. गेम बॉय, गेम बॉय कलर आणि गेम बॉय अ‍ॅडव्हान्स यांना मात्र प्रादेशिक कुलूप नाही, म्हणून जपानी प्रत दुसऱ्या प्रदेशातल्या त्याच यंत्रावरही चालते. भाषेवर फारसा अवलंबून नसलेला गेम असेल, तर जपानी प्रत पुष्कळदा बरीच स्वस्त पडते आणि तिचा खोकाही अधिक जपलेला असतो.

वीज आणि पडदा

जुन्या यंत्राच्या अ‍ॅडॉप्टरकडे दुर्लक्ष करू नये, कारण चुकीचा अ‍ॅडॉप्टर क्षणात यंत्र जाळू शकतो. एनईएसचा मूळ अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह देतो, तर फॅमिकॉमला एकदिश प्रवाह लागतो. एकाचे टोक दुसऱ्यात बसते म्हणून घालून पाहणाऱ्यांनी फॅमिकॉम जाळून घेतले आहेत. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्राच्या पहिल्या आवृत्तीत टोकाचा मधला भाग ऋण असतो, तर दुसऱ्या आवृत्तीत धन. जपानी अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टच्या घरगुती विजेसाठी बनलेले असतात आणि २२० ते २४० व्होल्टच्या प्रदेशात ते थेट लावले तर लगेच निकामी होतात. त्यामुळे यंत्राच्या खालच्या पट्टीवर लिहिलेले व्होल्ट, प्रवाहाचा प्रकार, धन-ऋण खूण आणि अँपिअर हे चारही तपशील अ‍ॅडॉप्टरवरील तपशिलांशी जुळवून पाहावेत. अ‍ॅडॉप्टरचे अँपिअर जास्त असले तर चालते, बाकी तिन्ही तंतोतंत जुळलेच पाहिजेत. १९८२ च्या कमोडोर ६४ चा मूळ वीजपुरवठा तर मी कोणालाही वापरू देत नाही, कारण त्यातला नियंत्रक बिघडला की तो जास्त व्होल्ट सोडतो आणि संगणकाच्या स्मृतीच्या चिपा त्यात जातात.

पडद्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर जुना काचेच्या नळीचा टीव्ही मिळाला तर उत्तमच. आधुनिक सपाट टीव्हीवर खेळायचे असेल, तर जुन्या यंत्रांचा २४० ओळींचा संकेत नीट वाढवून देणारे रूपांतरक घ्यावे लागते. प्रकाशबंदूक, म्हणजे पडद्यावर नेम धरायची बंदूक, लागणारे जुने गेम मात्र सपाट पडद्यावर चालतच नाहीत, ही गोष्ट बंदुकीचे पैसे मोजण्याआधी ध्यानात असावी.

भाव समजून घेणे

दुसरी पायरी बाजारभाव शिकण्याची. ऑनलाइन विक्रीत विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि वस्तू प्रत्यक्षात विकली गेलेली किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि अभ्यास नेहमी दुसरीचा करावा. ईबेसारख्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या काढून पाहता येतात; यादीतल्या प्रत्येक गेमचे गेल्या काही महिन्यांतले व्यवहार पाहावेत, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडून द्यावा आणि उरलेल्यांवरून अंदाज बांधावा. हे करताना आपण कोणत्या स्थितीतली प्रत पाहत आहोत हे विसरू नये. नुसते कार्ट्रिज किंवा नुसती डिस्क याला संग्राहक ‘लूज’ म्हणतात, खोका आणि माहितीपुस्तिकेसह असलेल्या प्रतीला ‘कंप्लीट’ म्हणतात आणि कारखान्यातून आलेले वेष्टन न फोडलेली प्रत ‘सील्ड’ म्हणून ओळखली जाते. पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेल्या गेमच्या बाबतीत पहिल्या दोहोंतच कित्येक पटींचा फरक पडतो, कारण मुलांनी गेम ठेवले आणि खोके फेकून दिले.

जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची एक सील्ड प्रत अमेरिकेतील लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली आणि त्या बातमीने अनेक घरांतल्या माळ्यांवरच्या साध्या प्रतींना मालकांच्या मनात सोन्याचा भाव आला. तो गेम लाखोंनी विकला गेलेला आहे. ती किंमत वेष्टनाच्या आणि खोक्याच्या निर्दोषपणाची होती. वापरलेले कार्ट्रिज ‘दुर्मीळ’ म्हणून पुढे केले जाते तेव्हा हे आठवावे.

दुर्मीळ आणि महाग हे शब्द मुळातच समानार्थी नाहीत. १९८२ चा अटारीचा ‘ई. टी.’ हा इतका फसलेला गेम, की न विकलेल्या प्रती १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचराभूमीत पुरल्या गेल्या आणि २०१४ मध्ये त्या खणून काढण्यात आल्या. तरीही त्याचे साधे कार्ट्रिज सहज आणि स्वस्तात मिळते, कारण ते बनलेच अमाप. दरवर्षी नव्याने येणारे खेळांचे गेम, म्हणजे फुटबॉल, बास्केटबॉल वगैरे, ढिगांनी पडून असतात. या उलट टोकाला १९९० च्या निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिप्सची सोनेरी कार्ट्रिज आहेत, जी अवघी २६ बनली. नवख्याचे खरे क्षेत्र या दोन टोकांच्या मधले आहे: लोकांना अजूनही खेळावेसे वाटणारे, भरपूर छापलेले आणि चांगले गेम. तिथेच भाव स्थिर असतो आणि तिथेच संधी वारंवार येते.

शोध कुठे आणि कसा घ्यावा

जुन्या वस्तूंचे बाजार, घर रिकामे करताना होणाऱ्या विक्री, सेकंडहँड दुकाने आणि ऑनलाइन जाहिराती ही नेहमीची ठिकाणे. यांतल्या कोणत्या ठिकाणी स्वस्त मिळते याला ठाम उत्तर नाही, परंतु कोणत्या प्रकारच्या मांडणीत स्वस्त मिळते हे मी सांगू शकतो. जिथे गेम वेगवेगळे मांडून प्रत्येकावर भाव चिकटवलेला असतो, तिथे विक्रेत्याने अभ्यास केलेला असतो. जिथे यंत्र, चार कंट्रोलर, वायरींचा गुंता आणि वीसएक कार्ट्रिज एकाच पेटीत भरून ‘सगळे मिळून इतके’ असा हिशेब असतो, तिथे थांबून पाहावे. असा गठ्ठा घेतल्यावर यादीतले तीन-चार गेम ठेवून बाकीचे विकले, तर ठेवलेल्या गेमची किंमत बरीच उतरते. मात्र विकण्याचा वेळ आणि कटकट हाही खर्च आहे हे धरून चालावे.

ऑनलाइन जाहिरातीत चुकीच्या नावाने किंवा नुसतेच ‘जुना व्हिडिओ गेम’, ‘गेमच्या कॅसेट’ अशा मोघम शब्दांत टाकलेल्या वस्तू शोधाव्यात, कारण नेमके नाव टाकून शोधणाऱ्यांना त्या दिसतच नाहीत. फोटो मोठा करून कोपऱ्यांत काय दिसते ते पाहावे. कित्येकदा जाहिरात यंत्राची असते आणि मागे अर्धवट दिसणाऱ्या कार्ट्रिजची कड अधिक मोलाची निघते. विक्रेत्याला ‘चालते का?’ एवढेच विचारू नये, कारण त्याला ‘हो’ हे उत्तर फार सोपे असते. ‘गेम चालू असताना पडद्याचा फोटो पाठवाल का, आणि कार्ट्रिजच्या पिनांचा जवळून एक फोटो मिळेल का?’ असे विचारावे. जपानमधून मागवताना ‘जंक’ हा शब्द दिसला, तर त्याचा अर्थ वस्तू मोडकी असेलच असा नव्हे. तपासलेली नाही किंवा सदोष आहे, आणि परत घेतली जाणार नाही, एवढेच तो सांगतो. अशा वस्तू मी घेतो, पण त्या पूर्णपणे बंद निघाल्या तरी चालतील अशाच किमतीला.

हातात घेतल्यावर

कार्ट्रिज हातात आले की आधी लेबल पाहण्याचा मोह होतो. मी ते उलटे करून पिनांकडे पाहतो. पिनांवरचा काळपट थर हा साधा मळ असतो आणि तो निघतो. हिरवट-पांढरी पूड किंवा सोनेरी थर उडून दिसणारे तांबूस खड्डे म्हणजे गंज, आणि तो खोल गेला असेल तर भाव बराच खाली आल्याशिवाय घेऊ नये. मग कार्ट्रिज कानाजवळ हलवून पाहावे. आत काही खुळखुळत असेल, तर आवरणाचा तुकडा तुटलेला असतो किंवा सेव्ह जपणारा आतला बटण सेल सुटलेला असतो. त्यानंतर स्क्रू पाहावेत. त्यांच्या खाचा झिजलेल्या असतील, तर ते कोणीतरी आधी उघडले आहे. त्यात गैर काही नाही, कदाचित सेलच बदलला असेल, पण विचारून घ्यावे.

बनावट प्रतींविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या बाजारात त्या अस्सल प्रतींइतक्याच सहज दिसतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी ‘पोकेमॉन एमरल्ड’ चे एक कार्ट्रिज घेतले. रंग हिरवा, पारदर्शक, लेबल चकचकीत, किंमत अपेक्षेपेक्षा थोडीशीच कमी. संशय यावा असे काही मला दिसले नाही. जवळजवळ तीन आठवडे रोज रात्री खेळलो आणि एके दिवशी चालू केल्यावर पडद्यावर नवा खेळ सुरू करण्याचाच पर्याय उरलेला होता. आवरण उघडले तेव्हा आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर एका काळ्या, फुगीर थेंबाखाली सगळे दडवलेले होते आणि निन्टेंडोचे नाव कुठेही नव्हते. ते कार्ट्रिज मी अजून ठेवले आहे आणि नव्याने छंदात येणाऱ्याच्या हातात अस्सल प्रतीच्या शेजारी देतो, कारण दोन्ही एकदम पाहिल्यावर जे कळते ते वर्णनाने कळत नाही.

पाहायचे ते असे. अस्सल कार्ट्रिजच्या तोंडाशी, पिनांच्या लगेच वर, पट्टीवर निन्टेंडोचे नाव छापलेले दिसते. उजेडात तिरपे धरल्यास आवरण न उघडताही ते वाचता येते. लेबलवर बारीक दाब देऊन उमटवलेला दोन अंकांचा ठसा असतो आणि तोही तिरप्या उजेडातच दिसतो. लेबलवरील सांकेतिक अक्षरे त्याच गेमची आहेत का, हे तपासावे. बनावट लेबलवर पुष्कळदा दुसऱ्याच गेमची अक्षरे असतात. अस्सल गेम बॉय अ‍ॅडव्हान्स कार्ट्रिजचा स्क्रू तीन पात्यांच्या खाचेचा असतो, साध्या अधिक चिन्हाचा नसतो. यांतली एखादी खूण नकलाकार साधतात; सगळ्या एकत्र साधणे त्यांना जड जाते, म्हणून एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये. सुपर निन्टेंडोच्या ‘अर्थबाउंड’ आणि ‘क्रोनो ट्रिगर’ सारख्या महागड्या गेमच्या बाबतीत मी विक्रेत्यासमोर आवरण उघडून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही, आणि प्रामाणिक विक्रेता त्याला हरकत घेत नाही. त्यासाठी ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. यंत्रे उघडायला ४.५ मिलिमीटरचा. दोन्ही बिट स्वस्त आहेत आणि संग्राहकाच्या पिशवीत कायम असावेत.

डिस्कची परीक्षा वेगळी. बहुतेक जण खालची चकचकीत बाजू पाहतात आणि वरची छापील बाजू सोडून देतात. सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या आड असतो, त्यामुळे वरचा खोल ओरखडा थेट माहिती खरवडून नेतो आणि तो कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. खालचे चरे प्लास्टिकवर असतात व घासून काढता येतात. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असल्याने वरच्या बाजूने ती अधिक सुरक्षित असते. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या चऱ्यापेक्षा वर्तुळाकार चरा अधिक घातक, कारण तो माहितीच्या एकाच रेषेला लांबवर झाकतो. शेवटी डिस्क दिव्यासमोर धरावी. छापील भागातून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके येत असतील, तर तो थर उडू लागला आहे, आणि ती डिस्क तिथेच ठेवून यावी.

घाबरवणारे, पण किरकोळ दोष

इथे ज्ञानाचा खरा मोबदला मिळतो. एनईएस चालू केल्यावर दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो आणि पडदा कोराच राहतो, ही ‘बंद पडलेल्या’ एनईएसची सर्वांत नेहमीची तक्रार आहे. त्यात एक कुलूप-चिप असते. कार्ट्रिजमधल्या जोडीदार चिपशी तिचा संवाद जुळला नाही की ती यंत्र पुनःपुन्हा सुरू करत राहते. संवाद तुटण्याचे कारण बहुधा मळलेल्या पिना किंवा सैल झालेली ७२ पिनांची जोडणी असते. पिना स्वच्छ केल्या किंवा जोडणी बदलली, की बहुतेक यंत्रे पूर्ववत चालू लागतात.

निन्टेंडो ६४ च्या बाबतीत तर उपाय याहून सोपा आहे. यंत्राच्या पुढच्या बाजूला, झाकणाखाली, जंपर पॅक नावाचा छोटा तुकडा असतो आणि तो किंवा त्याच्या जागी बसणारा, जास्तीची स्मृती देणारा एक्स्पान्शन पॅक जागेवर नसेल, तर यंत्र काहीच दाखवत नाही. एकदा ‘पूर्णपणे बंद, सुट्या भागांसाठी’ असे लिहिलेले यंत्र मी जवळजवळ भंगाराच्या भावात घेतले; घरी येऊन झाकण उघडले तर आत रिकामा खळगा आणि धुळीची रेघ होती. दुसऱ्या यंत्रातला पॅक बसवला आणि बटण सरकवले, तो लोगो फिरू लागला. एक्स्पान्शन पॅक आधीच बसवलेला असेल तर तो वेगळ्या मोलाचा असतो, कारण ‘डाँकी काँग ६४’ आणि ‘मेजोराज मास्क’ हे गेम त्याशिवाय चालत नाहीत. झाकण उघडून पाहायला दोन सेकंद लागतात.

मूळ गेम बॉयच्या पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील, तर पडद्याच्या कडेची पट्टी सुटलेली असते आणि सोल्डरिंग आयर्नने त्या पट्टीवर हलकी ऊब दिली की ती बहुधा पुन्हा चिकटते. हात स्थिर नसेल, तर हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. सेलच्या कप्प्यातली पांढरी खपली ही अल्कलाइन सेल गळल्याची खूण आहे. ती पांढऱ्या व्हिनेगरने विरघळते, मग अल्कोहोलने पुसून घ्यावे. धातूची पट्टीच खाऊन गेली असेल, तर नवी बसवता येते. खेळताना अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होणारा सेगाचा ड्रीमकास्ट पाहिला, की बहुतेक वेळा आतल्या वीजपुरवठ्याच्या पिना काळवंडलेल्या सापडतात. आणि ‘गेम चालतो पण सेव्ह होत नाही’ असे सेलवर सेव्ह जपणारे कार्ट्रिज अस्सल असेल, तर आनंदाने घ्यावे: आतला बटण सेल संपला आहे, इतकाच बहुधा त्याचा अर्थ असतो. ‘रुबी’, ‘सफायर’ आणि ‘एमरल्ड’ या पोकेमॉन गेममध्ये सेल फक्त घड्याळासाठी आहे. तो संपल्याचा संदेश दिसला, तरी सेव्ह शाबूत राहते.

ज्यांपासून नवख्याने दूर राहावे असेही काही आहे. सेगाच्या गेम गिअर या हातातल्या यंत्राचा पडदा फिका आणि आवाज बंद असेल, तर आतले कपॅसिटर गळले आहेत आणि ते सगळे बदलणे हे पहिल्या वर्षाचे काम नव्हे. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत घड्याळाचा कपॅसिटर गळून बोर्ड खातो; घेतलाच तर लगेच उघडून तो काढून टाकावा. सुपर निन्टेंडोवर चित्र विस्कटलेले, आकृत्यांचे तुकडे झालेले दिसले आणि अनेक कार्ट्रिज पुसून घालूनही तसेच राहिले, तर मुख्य चिप गेलेली असण्याचा संभव मोठा आहे.

बोलणी

घासाघीस करताना दोष खोटे सांगू नयेत. जे आहेत तेच दाखवून आपला आकडा सांगावा आणि गप्प राहावे. एकत्र दोन-तीन वस्तू घेतल्या की भाव सोडणे विक्रेत्याला सोपे जाते. परंतु समोरच्या माणसाला आपल्या वस्तूचे मोल अजिबात ठाऊक नाही आणि ती फार मोलाची आहे असे दिसले, तर मी ते सांगून टाकतो. दोष ओळखण्याच्या ज्ञानाचा लाभ घेणे वेगळे आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या अजाणतेपणाचा घेणे वेगळे. असे सांगितल्यामुळे काही सौदे माझ्या हातून गेले, आणि त्यांतल्याच काही घरांतून पुढे कार्ट्रिजची भरलेली पेटी मला आपणहून देऊ करण्यात आली.

घरी आणल्यावर

कार्ट्रिजमध्ये फुंकर मारण्याची सवय सर्वप्रथम सोडावी. श्वासातला दमटपणा पिनांवर बसून गंज आणतो आणि निन्टेंडोनेही तसे न करण्याचे सांगितले आहे. ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित भिजवावी आणि पिनांच्या लांबीच्या दिशेने हळूहळू फिरवावी. पहिली काडी काळी निघते, दुसरी करडी, चौथी-पाचवी पांढरीच राहते. तेव्हा थांबावे आणि पूर्ण वाळेपर्यंत कार्ट्रिज यंत्रात घालू नये. अल्कोहोल लेबलला लागू देऊ नये, शाई पसरते. खोडरबराने पिना घासण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने सोनेरी थर झिजतो, म्हणून मी तो अगदी शेवटचा उपाय मानतो. पिवळे पडलेले आवरण हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने पांढरे होते, पण काळजी घेतली नाही तर त्यावर डाग पडतात आणि पिवळेपणा परतूही शकतो. चालणाऱ्या यंत्राचा पिवळेपणा मी तसाच राहू देतो.

ठेवण्याची जागा कोरडी आणि थेट ऊन न येणारी असावी, डिस्क उभ्या ठेवाव्यात आणि वापरात नसलेल्या यंत्रांतून सेल काढून ठेवावेत. खरेदी झाली की वहीत तारीख, किंमत, स्थिती आणि केलेली दुरुस्ती लिहावी. दुसऱ्यांदा तेच कार्ट्रिज घेण्याची चूक त्यामुळे टळते.

सेव्हचा सेल बदलताना जुना सेल काढताच जुनी सेव्ह जाते, हे आधी लक्षात घ्यावे. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे सांभाळलेला खेळ तिथे असू शकतो आणि विकणारा तोच असेल, तर त्याला एकदा विचारावे. नवा सेल धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला घ्यावा, कारण थेट सेलवर सोल्डरिंग केल्यास तो उष्णतेने फुटू शकतो. धन आणि ऋण बाजू दोनदा पाहाव्यात. आवरण बंद करण्यापूर्वी एका लहानशा कागदी पट्टीवर सेल बदलल्याचा महिना आणि वर्ष लिहून ती आतल्या बाजूला चिकटवावी. पुढे कधी ते कार्ट्रिज दुसऱ्या कोणाच्या हाती गेले आणि त्याने उघडले, तर सेल किती जुना आहे हे त्याला लगेच कळते.